जिताड्याची शेपूट

आमचं सामान भरून टेम्पो कोळीवाड्याच्या तोंडाशी उभा होता आणि माझी आय टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करत होती. गेला आठवडाभर ती माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याशी. पण टेम्पोवाल्याने माझ्या नवऱ्याला, महेशला, पनवेलचं भाडं सांगितलं ते तिच्या कानावर पडलं आणि तिला राहवलं नाही. दुखरा गुडघा दाबत ती ओटीवरून खाली आली.

"कवरं बोललास?" ती म्हणाली. "दोन गाद्या न् येक कपाट हाय. माजी पोरगी चाललीय, हत्ती नाय चालला."

टेम्पोवाल्याने डिझेल सांगून बघितलं, खड्डे सांगून बघितले. आय ऐकून घेत होती, मान हलवत होती आणि त्याच्या प्रत्येक कारणामागे भाडं थोडं खाली आणत होती. शेवटी तो हसायला लागला. भाव करताना मधेच जो हसला तो हरला, हे तिनेच मला शिकवलं होतं. भाडं ठरलं. मग माझ्याकडे न बघता ती आत गेली. एवढाच माझा निरोप.

जे वाड्यात राहिलात ते, आणि जे वाडा सोडून उलव्याला, पनवेलला, कुणी मस्कतला गेलात ते, तुम्ही दोघेही हे वाचाल म्हणून भांडणाचं कारण आधी सांगून टाकते. वाड्यात ते निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं जातं. माझं माझ्या तोंडून ऐका. आमच्या मासळी बाजारात आयचा ओटा होता. सिमेंटचा, पाणी वाहून जावं म्हणून पुढे थोडा उतरता. त्याआधी तो आजीचा होता. शाळेत असल्यापासून मी त्या ओट्याच्या कडेला बसायचे. पापलेट कसं मांडायचं, कल्ला उघडून त्याचा लाल रंग गिऱ्हाइकाला कसा दाखवायचा, बर्फ कुठे घालायचा, सगळं तिथे शिकले. लग्न वाड्यातल्या वाड्यातच झालं, त्यामुळे लग्नानंतरही रोज सकाळी मी आयच्या शेजारी असायचे आणि भाव मीच सांगायचे. मुंबईची माणसं गाडी थांबवून माझ्याकडे यायची, कारण मी भांडायचे. लोकांना स्वस्त मासे नको असतात, भांडून मिळवलेले मासे हवे असतात.

मग आयचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं बंद. आणि तिने ओटा माझ्या वहिनीला दिला. कल्पनावहिनीला. जिला भाव चारदा विचारावा लागतो, आणि सांगितला तरी ती आपल्या पायांकडे बघून सांगते.

मी कारण विचारलं. आय म्हणाली, "माजा वटा, मी कोनालाबी देन."

त्यावर मी जे बोलले ते शेजारच्या आळीतही ऐकू गेलं. त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. महेशची नोकरी तशीही कंटेनर यार्डात होती, पनवेलहून त्याला कंपनीची बस मिळत होती. मी म्हटलं, जिथे माझी बसायची जागा नाही तिथे माझं घर तरी कशाला.

सुकापूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याची जागा मिळाली. समोर इमारत, मागे इमारत, बाजूला तिसरीचं काम चालू. वारा यायचा, पण त्याला कसलाच वास नसायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, आपल्याला सर्दी झाली आहे. मग मी गच्चीवर बोंबील वाळत घातले आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू दारात उभ्या. पुण्याच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, नाकाला रुमाल.

"अहो, आमच्या बेडरूममध्ये वास येतोय. इथे सगळ्या प्रकारची माणसं राहतात."

"त्यातलाच मी एक प्रकार आहे, काकू," मी म्हटलं. पुढेही बरंच म्हटलं. बोंबील मात्र काढले, कारण घर भाड्याचं होतं आणि मालक काकूंच्या ओळखीचा होता.

हाताला काम नसलं की माझं डोकं भणभणतं. आधी नारळाच्या वड्या करून नवीन पनवेलच्या दुकानांतून ठेवल्या. दुकानदार आधी नाही म्हणायचे; मी दुकानातून हलायचेच नाही, मग हो म्हणायचे. वड्यांवरून नानकटाई, नानकटाईसाठी कुणाचा तरी जुना ओव्हन, मग नवा. एक दिवस सेक्टरमधल्या एका बाईने फोनवर फोटो दाखवला. चांदण्या, बदाम, फुलपाखरं, अशा आकारांची बिस्किटं आणि वर रंगीत साखरेचा काचेसारखा गुळगुळीत थर.

"कटआउट कुकीज. मुलीच्या बर्थडेला हव्यात. जमतील?"

मी म्हटलं, जमतील. तेव्हा मला आयसिंग कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. पण आधी हो म्हणायचं, मग भाव सांगायचा आणि मग शिकायचं, हे माझ्या अंगातच आहे.

व्हिडिओ बघून शिकले आणि पुष्कळ मैदा वाया घालवला. बटर आणि पिठीसाखर फेसायची, मैदा घालायचा, पण पीठ चपातीसारखं मळायचं नाही. मळलं की बिस्किट आखडतं. दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटायचं, थंड करायचं, मग साच्याने कापायचं. आकार उचलायचा नाही, त्याच्या भोवतीचं जास्तीचं पीठ उचलायचं. नाहीतर चांदणीचा एक हात लांब होतो. वरची साखर दोन तऱ्हेची लागते. काठ काढायला घट्ट आणि आत भरायला पातळ. काठ आधी वाळला नाही तर आतली साखर बांध फोडून बाहेर येते. मिठागराजवळ वाढलेल्या मुलीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

नाताळात एका शाळेसाठी झाडं, घंटा आणि बर्फाची माणसं केली. पनवेलच्या दुपारी त्या बर्फाच्या माणसांना गळपट्टे रंगवताना मला हसू येत होतं. ना ती मुलं कधी बर्फात खेळलेली, ना मी. माझ्या आयुष्यातला बर्फ पाटीत पापलेटवर घालायचा. मनात आलं, सण दुसऱ्यांचे आणि बिस्किटं माझी, असं किती दिवस करायचं? आमच्या सणाची का नकोत?

आमचा सण नारळी पौर्णिमा. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवशी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत समुद्राला द्यायचा आणि मग होड्या पाण्यात. पण पनवेलच्या नोकरदार घरांत तो दिवस श्रावणातला. माझी निम्मी गिऱ्हाइकं श्रावणभर मासे सोडतात आणि महिनाभर माशांचीच नावं काढत बसतात. मी बिनअंड्याची, नारळाचा भाजलेला कीस घातलेली पापलेटं केली. रुपेरी पाठ, काळा डोळा, कल्ल्याशी लाल रेघ. ओळखीच्या एका दुकानाबाहेर टेबल मांडून पाटी लावली, 'श्रावणात चालणारं पापलेट'. दुपारपर्यंत ट्रे रिकामे झाले. एक गृहस्थ दोन बोटांत शेपूट धरून म्हणाले, "बाई, पाप लागणार नाही ना?" मी म्हटलं, "जास्तीचं घेतलंत तर नाही लागणार."

तेव्हापासून दर श्रावणात माझ्या ओव्हनमधून म्हावरं निघतं. कोलंबी, सुरमई, होड्या, नारळ. स्वतःचं दुकान झालं, सुकापूरचा तोच फ्लॅट घासाघीस करून विकत घेतला. वाड्यात मी लग्नांना जायचे, गणपतीला जायचे. आय आणि मी पावसाबद्दल बोलायचो, गोळ्यांबद्दल बोलायचो. ओट्याबद्दल ती काही बोलायची नाही आणि मी विचारायचे नाही. दादाच्या आणि आयच्या घरी जायचा रस्ता बाजारावरून जातो. मी बंदरावरून वळसा घालून जायचे. इतकी वर्षं झाली, बाजारात पाय ठेवला नव्हता.

यंदा वहिनीचा फोन आला. "ताई, पुनवेच्या मिरवणुकीत पोरांना वाटायला तुमची ती बिस्किटं हवीत. म्हावऱ्याची. सगल्या बायांनी मिलून ठरवलंय."

तिचा आवाज ऐकूनच माझं डोकं तापलं. नेहमीच्या दुप्पट भाव सांगितला. आता ती कुरकुरेल, मग मी सुनावेन, अशी माझी तयारी होती.

"चालंल," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. इतका चढा भाव मिळूनही इतका वाईट सौदा मी कधी केला नसेल. पुढून कुणी ओढणारच नसेल तर रस्सी धरायची कशाला? चिडून मीच तिला पुन्हा फोन केला आणि भाव निम्मा केला. ती म्हणाली, "तेबी चालंल."

मी कामाला लागले. आणि त्यातच माझ्या डोक्यात जिताडा आला. आमच्या रायगडात जिताडा म्हणजे मानाचा मासा. साहेबाकडे काम असलं, व्याह्यांना खूश करायचं असलं की जिताडा घेऊन जायचा. माझंही एका ठिकाणी काम अडलं होतं. ओटा मला का दिला नाही, हे मला आयच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं. म्हटलं, तिच्यासाठी एकच मोठा जिताडा करू, परातीएवढा.

तेवढा साचा कुठे मिळणार? जुन्या पनवेलच्या बाजारात रफीकचाचा पत्र्याचे डबे आणि नरसाळी करतात. माझे सगळे साचे त्यांच्याच हातचे. मी कागदावर मासा काढून दिला, पण तोंड आणि पोटच नीट काढलं, शेपटीकडे नुसत्या दोन रेघा. चाचांनी भाव सांगितला आणि आमचं नेहमीचं सुरू झालं.

"चाचा, पत्र्याची पट्टी आहे, सोन्याची नाही."

"बेटी, मोडते वक्त हाथ मेरा कटता है, तुझा नाही."

"मग हातमोज्यांचे वेगळे देते, साच्याचे कमी करा."

अर्धा तास चाललं असेल. मधे त्यांनी शेपूट मोडून दाखवली. "ऐसी?" मी भावात इतकी गुंतले होते की मान हलवली आणि आणखी थोडं कमी करायला सांगितलं. शेवटी चाचा हसले. मी जिंकून घरी आले.

पौर्णिमेच्या आधी पाऊस थांबेना. श्रावणातल्या दमट हवेत वरची साखर वाळत नाही. बोट लावलं की चिकटते. पंखे लावले, उपयोग नाही. सगळीकडे ट्रे, आणि सगळे मासे ओले. मी जिन्यात उभी राहून पावसाला बोलत होते तेवढ्यात देशपांडे काकू खाली आल्या.

"आमच्या बेडरूममध्ये एसी आहे," त्या म्हणाल्या. "आणा वर."

आम्ही ट्रे वर नेले. पलंगावर पापलेटं, टेबलावर कोलंबी, खिडकीच्या कट्ट्यावर सुरमया आणि काकांच्या आरामखुर्चीत तो जिताडा. काका बाहेरच्या सोफ्यावर झोपले. सकाळी मी माल उतरवायला गेले तर काकू दारात उभ्या राहून खोलीकडे बघत होत्या.

"शेवटी तुम्ही माझ्या बेडरूममध्ये मासे वाळवलेच," त्या म्हणाल्या.

"वास येतोय का काकू?"

"वेलचीचा," त्या म्हणाल्या, आणि एक कोलंबी तोंडात टाकली.

व्हॅन करून खोके वाड्यात नेले. होड्यांना पताका लागल्या होत्या, बायका नऊवारी नेसून, दागिने घालून तयार होत्या, बँजोवाले वाद्यं लावत होते. मी पहिला खोका उचलून दादाच्या दारात गेले. ओटीवर आय काठी घेऊन बसली होती.

"काय हाय त्यात?"

"मासे. बिस्किटांचे."

"थांब. नारल नाय परला अजून. नवा म्हावरा उंबऱ्याच्या आत नाय येत, इसरलीस?"

मला खरंच आठवलं नव्हतं. समुद्राला नारळ द्यायच्या आधी ओली मासळी घरात आणायची नाही, ही आमची रीत. सुकी चालते. इतकी वर्षं मी श्रावणात बेधडक पापलेटं विकली, पण विकली पनवेलमध्ये. तिथे समुद्र कुणाला विचारतो?

"आय, मैदा आहे तो," मी म्हटलं.

वहिनी पदर खोचत बाहेर आली. "बिस्किट म्हंजे सुकंच की हो, आत्या. सुकं चालतंय."

आता शेजारच्या बायाही जमल्या. सुकं की ओलं, यावर वाद सुरू झाला. एक म्हणाली, भट्टीतून आलं ते सुकं. दुसरी म्हणाली, पण पाण्यात टाकलं तर? आयने माझ्या हातातल्या खोक्याचं झाकण उचललं, एक पापलेट वर धरून उन्हात फिरवलं आणि निकाल दिला.

"डोला बगा. कसा चकाकतंय. ओलाच हाय."

डोळा चकाकावा म्हणून मी त्यावर साखरेचा वेगळा थेंब दिला होता. माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली.

"मग ठेवू कुठे? वरून पाऊस येईल, मांजरं आहेत."

आय म्हणाली, "म्हावरा ठेवतात तिथं ठेव. बाजारात छप्पर हाय. आपल्या वट्यावर ठेव न् राखन बस."

ती माझ्याकडे बघत नव्हती. वहिनी मात्र बघत होती. खोके उचलले आणि त्या रस्त्याने गेले.

बाजार रिकामा होता, धुतलेला. त्या दिवशी तिथे कोण बसणार? ओटा दिसायला लहान वाटला. मी चढून बसले. पाय आपोआप दुमडले, डावा गुडघा वर आणि उजवा आडवा, आय बसायची तसे. नुसती राखण करत बसणं मला जमत नाही, म्हणून खोके उघडून माल मांडला. पापलेटं गोलात, शेपट्या आत. सुरमया तिरप्या. कोलंबीचा ढीग. जिताडा मधोमध. ऑर्डरच्या वरचा मालही मी आणला होता. बाजाराला येताना मोजका माल आणणाऱ्यांतली मी नाही.

मिरवणूक बाजारावरूनच गेली. पोरं थांबली, मग त्यांच्या आया थांबल्या, मग सुट्टी म्हणून फोटो काढायला आलेले नवीन पनवेलचे लोक थांबले.

"ताई, कसे दिले?"

"नारळ पडू दे."

"अहो, पण बिस्किटंच आहेत ना?"

"ओली आहेत," मी म्हटलं.

सोनेरी नारळ डोक्यावर घेतलेला दादा पुढे गेला, त्याच्यामागे आय काठी टेकत. ओट्यासमोरून जाताना तिने फक्त मांडणीकडे पाहिलं, पाटी तपासावी तसं. मग सगळे बंदराकडे गेले आणि मी एकटी राहिले. दोन मांजरं आणि मी. मांजरांनी वास घेतला आणि निराश होऊन निघून गेली.

बंदरावर फटाके वाजले, बँजो चढला. नारळ पडला.

लोक परत आले ते थेट ओट्यासमोर. वहिनीने पोरांचे खोके घेतले आणि वाटायला लागली. उरलेल्या मालासमोर बायांची गर्दी झाली. पण आधी कुणी हात लावेना, कारण आय पुढे आली होती. आयुष्यभर ती ओट्याच्या या बाजूला बसलेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला त्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी उभी पाहिली.

तिने एक पापलेट उचललं. पोट दाबलं. कल्ला बघितला.

"कल्ला लय लाल हाय. रंग लावलास का?"

"सगळेच लावतात," मी म्हटलं. बाया हसल्या.

तिने पापलेट खाली ठेवलं आणि काठीने जिताड्याकडे दाखवलं. "ह्यो कितीला?"

"तो विकायचा नाही."

"इकायचा नाय तं वट्यावर कशाला मांडलास?"

खरं होतं. मांडलं म्हणजे विकायचं, हा तिचाच नियम. माझी इतक्या वर्षांची तयारी होती, शब्द न् शब्द ठरवलेला, पण त्या वेळी तोंडातून जे निघालं ते साधंच होतं.

"पैसे नकोत. वटा मला का नाय दिलास, ते सांग. तो याचा भाव."

वहिनी हातातला खोका तसाच धरून उभी राहिली. आय दचकली नाही, रागावली नाही. तिने काठी ओट्याला टेकवली, दोन्ही हातांनी जिताडा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. तोंड बघितलं, पाठ बघितली, शेपटीपाशी थांबली.

"भारते, जिताड्याची शेपूट कशी असते?"

मी बघितलं. जिताड्याची शेपूट गोल असते, उघडलेल्या पंख्यासारखी. माझ्या जिताड्याला दोन फाटे होते.

"ही बांगड्याची शेपूट हाय," आय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वर जिताडा न् खाली बांगडा. आसला माल पुऱ्या भावात कोन घेतंय? अर्ध्यात दे."

"अर्ध्यात म्हणजे?"

"अर्धा सांगते."

"परवडत नाही."

"मंग रावदे." तिने जिताडा अलगद जागेवर ठेवला, काठी घेतली आणि वळली.

ही तिची जुनी चाल. गिऱ्हाईक ही चाल खेळलं की हाक मारायची नाही, तेच परत येतं, असं तिने मला शिकवलं होतं. पण परत न येणारी गिऱ्हाइकंही मी पाहिली आहेत, आणि तिचे गुडघे मला दिसत होते. चालत चालत ती खांबापर्यंत गेली.

"बरं, घे," मी म्हटलं.

ती लगेच वळली. दुखऱ्या गुडघ्याचं माणूस इतक्या चटकन वळतं हे मला माहीत नव्हतं. ओट्यापाशी येऊन तिने जिताडा पदराखाली घेतला, आणि मग भाव दिला.

"तुला दिला असता तं तू उठली नसतीस."

मग वहिनी म्हणाली, "म्हंजे मी उठले तरी चालंल, आसं का आत्या?"

सगळा बाजार हसला. आयही हसली. "तू बस गो. तुला कोन उठवतंय?"

"आणि उरलेलं अर्धं?" मी विचारलं.

"उरलेल्या अर्ध्याला चांगला माल आन," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.

त्यानंतर मी विकलं. सगळ्यांनी घासाघीस केली, कुणी डोळ्यांत उणं काढलं, कुणी कोलंबीच्या मिशा मोजल्या, आणि मी ओरडले, हसले, शपथा घातल्या. पोरांनी तोंडं निळी-रुपेरी करून घेतली. वहिनी शेजारी येऊन बसली आणि माझ्याकडे बघून ओरडायचा प्रयत्न करायला लागली. तिचा आवाज अजून बारीक आहे, पण आता भाव सांगताना ती पायांकडे बघत नाही. हे मला कबूल करावं लागेल.

माल संपायच्या आधी माझी कंबर धरली. पायाला मुंग्या आल्या, खालचं सिमेंट गार लागत होतं. मला माझं सुकापूरचं उंच टेबल आठवलं, ज्यापुढे उभं राहून मी दिवसभर काम करते. दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरी आठवल्या. मी उठले. वहिनीने पाणी टाकून ओटा धुतला.

तुम्हाला वाटेल, आता राग गेला असेल. नाही गेला. भाव अर्धा मिळाला, तर राग अर्धा तरी उरणारच. तिने मला उठवून लावलं, की मी तिथेच चिकटून बसू नये म्हणून बसूच दिलं नाही, हे एकच आहे की दोन वेगळ्या गोष्टी, ते मी अजून ताडून बघते आहे. आणि हे एवढं वाक्य तिने त्या टेम्पोच्या दिवशी सांगितलं असतं, तर माझे काही नातलगांशी असलेले संबंध आज बरे असते.

पण जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना एक सांगते. पनवेलमध्ये माझं दुकान चांगलं चालतं. गिऱ्हाइकं येतात, भाव वाचतात, फोन पुढे धरतात, भिंतीवरचा डबा पैसे मिळाल्याचं बोलतो, ती जातात. चांगली माणसं आहेत. पण कुणी माझ्या मालात खोट काढत नाही, कुणी निघून गेल्याचं नाटक करत नाही. घर म्हणजे कुठली जागा, याचा मी पुष्कळ विचार केला. ओटा नव्हे, फ्लॅटही नव्हे. जिथे कुणीतरी माझा माल हातात घेऊन शंभर नावं ठेवतं आणि तोच घेतल्याशिवाय जात नाही, ते घर. ते वाड्यात सापडतं तसं देशपांडे काकूंच्या बेडरूममध्येही सापडतं.

दुसऱ्या दिवशी आयचा फोन आला. जिताडा फोडून आळीत वाटला म्हणाली. शेपूट सगळ्यात गोड होती, पण जिताड्याची नव्हती.

त्याच दुपारी मी साचा घेऊन रफीकचाचांकडे गेले. त्यांनी शेपूट सरळ करून पक्कडीने गोल वळवली, पंख्यासारखी. मी दोनदा तपासली, तोंडापासून कल्ल्यापर्यंत, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. त्यांनी मजुरी सांगितली ती मी थोडी कमी केली, नाहीतर चाचांना वाटलं असतं मला बरं नाही. साचा आता ओव्हनशेजारी खिळ्याला टांगला आहे. पुढच्या पौर्णिमेला पुरा भाव मागणार. ती खोट कुठे काढते ते बघायचंय मला.